‘पुरावा दिला नाही, सबब दावा काढून टाकला’

(राजूरच्या जमीन हक्क शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कार्यकर्त्यांनी केलेलं हे भाषण. पावसामुळे बऱ्याच वाड्यांना येता आलं नाही, म्हणून पूर्ण छापतो आहोत. ज्याला वाचता येतं त्याने वाडीत बसून मोठ्याने वाचून दाखवावं.)



काल दिवसभर वनजमिनीचं बोलणं झालं. आज दिवाणी कोर्टाचं बोलायचं आहे. आम्ही काही वकील नाही. आमच्यातले बहुतेक जण बारावीपर्यंत शिकलेले. पण गेली काही वर्षं गावच्या माणसांबरोबर तालुक्याच्या कोर्टात जातो, बाकड्यावर बसतो, पुकारा ऐकतो. तिथं जे पाहिलं आणि ज्याच्यात आमचीही चूक झाली, ते सांगतो.

आमच्या वाडीतल्या एका बाबाची गोष्ट आहे. नाव घेत नाही, बाबा इथंच बसलेत. बाबांची वरकस जमीन आहे, सात-बाऱ्यावर त्यांच्या बापाचं नाव होतं, आता त्यांचं आहे. शेजारची जमीन पहिल्यापासून बिगर आदिवासी मालकाची. ती बाहेरच्या एका माणसाने घेतली. घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याने जेसीबी आणून बांध कोरला आणि बाबांच्या बाजूला सरकवला. नागलीचं एक अख्खं वावर त्याच्या कुंपणात गेलं. बाबांनी दावा लावला. सुरुवातीला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. जेसीबी थांबला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पाच वर्षं तारखा झाल्या. मग बाबांच्या पुराव्याची तारीख लागली. पहिल्या वेळेस शेजारचा साक्षीदार आला नाही, त्या दिवशी त्याला रोजाचं काम लागलं होतं. दुसऱ्या वेळेस मोजणीचा नकाशा नव्हता, कारण मोजणीची फी भरायची राहून गेली होती. तिसऱ्या वेळेस कोर्टाने रोजनाम्यात लिहिलं, ‘शेवटची संधी’. ती तारीख आली ऐन आवणीत. रात्रभर पाऊस, सकाळची एसटी वर आलीच नाही. बाबा चालत खाली उतरले, पुढं जीप मिळाली, कोर्टात पोचले तेव्हा दुपार झाली होती. वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात. पुकारा होऊन गेला होता. समोरचा माणूस वकिलासह हजर होता. हुकूम झाला होता: वादी गैरहजर, वारंवार संधी देऊनही पुरावा दिला नाही, सबब दावा काढून टाकण्यात येतो.

दावा गेला की मनाई हुकूमही गेला. चौथ्या दिवशी जेसीबी परत बांधावर उभा राहिला.

बाबा आम्हाला म्हणाले, “पोरांनो, जमीन माझी नाही असं साहेब म्हणाले काय?” आम्ही हुकूम दोनदा वाचला. तसं कुठं लिहिलेलं नाही. जमीन कोणाची याच्यावर कोर्टाने एक शब्द लिहिलेला नाही. फक्त एवढंच लिहिलंय की बाबांनी दाखवलं नाही. मंडळी, आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीवर आहे. खरं असणं वेगळं आणि खरं दाखवणं वेगळं. आपण खरं असतो, तेवढ्यावर घरी बसतो. कोर्ट फक्त दाखवलेलं बघतं.

कोर्ट असं का करतं?

दिवाणी कोर्टाचा पहिला नियम सरळ आहे. जो म्हणतो, त्याने दाखवायचं. बांध माझा असं मी म्हणालो तर तो माझा आहे हे मीच दाखवायचं. समोरच्याने खोटं बोलू नये ही अपेक्षा ठीक आहे, पण समोरचा गप्प बसला तरी मला सुटका नाही. त्यात सात-बाऱ्याची नोंद. जमीन महसूल कायद्यात असं आहे की सात-बाऱ्यावर जे लिहिलंय ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरायचं. म्हणजे चुकीची नोंद झाली असेल तर ती चुकीची हे दाखवायचं ओझंही आपल्याच डोक्यावर.

दुसरा नियम तारखांचा. 2002 पासून कायद्यात असं घातलंय की एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. खरोखर आवाक्याबाहेरचं कारण असेल तर कोर्ट त्यापुढंही देऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाने 2005 साली सांगितलंय. पण त्या भरवशावर राहायचं नाही. तीन मुदती म्हणजे तीन, असंच धरून चालायचं.

आता कोणी म्हणेल, हा नियम गरिबावर उलटतो. उलटतो, खरं आहे. ज्याच्याकडे गाडी आहे, मुनीम आहे, वकील रोज कोर्टातच आहे, त्याला तारीख जड जात नाही. आपल्याला एक तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी, भाडं आणि घरी जनावरं बघायला माणूस. पण हाच नियम आपल्याला वाचवतो हेही सांगितलं पाहिजे. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बाईवर सावकारी करणाऱ्या माणसाने दावा लावला होता, की ही जमीन माझ्या कब्जात आहे, हिला येऊ देऊ नका. बाई दर तारखेला लेकरू कडेवर घेऊन हजर. तो मुदत मागायचा, बाईचा वकील विरोध करायचा. शेवटी त्याचा पुरावा बंद झाला आणि दावा फेटाळला. तिने एक कागदही दाखवला नव्हता. फक्त हजर राहिली. म्हणून आपल्यावर दावा आला असेल तर घाबरून घरी बसू नका. हजर राहा, आणि समोरचा विनाकारण मुदत मागत असेल तर वकिलाला विरोध नोंदवायला सांगा.

दावा गेला म्हणजे नेमकं काय झालं?

इथं नीट लक्ष द्या. ‘दावा गेला’ असं आपण एकाच तोंडाने म्हणतो, पण जाण्याचे प्रकार वेगळे आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला प्रकार. पुकाऱ्याला दोन्ही बाजू गैरहजर. दावा काढून टाकतात. अशा वेळी मुदतीत असाल तर नवा दावा लावता येतो किंवा जुनाच परत चालू करायचा अर्ज देता येतो.

दुसरा प्रकार. समोरचा हजर, आपण म्हणजे वादी गैरहजर. बाबांचं हेच झालं. याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बरेच जण इथंच फसतात, ‘दुसरा दावा लावू’ म्हणतात आणि वर्ष घालवतात. इलाज एकच. त्याच कोर्टात अर्ज द्यायचा, की गैरहजर राहायला हे हे सबळ कारण होतं, दावा परत दाखल करून घ्या. मुदत आहे हुकमाच्या तारखेपासून 30 दिवस.

तिसरा प्रकार. पुरावा द्यायला वेळ दिला, आपण हजर आहोत, पण हात हलवत गेलो. मग कोर्ट पुरावा बंद करून आहे त्या कागदावर निकाल देऊ शकतं. हा खरा निकाल असतो. त्याला फेरदाखलीचा अर्ज चालत नाही, वरच्या कोर्टात अपील करावं लागतं. जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलाची मुदतही 30 दिवसच. नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. फेरदाखलीच्या अर्जाला मात्र ते वजा होतील असं धरू नका, तिथं तीस म्हणजे तीस.

चौथा प्रकार. आपण प्रतिवादी आहोत, समन्स आलं, भीतीने घेतलं नाही किंवा घेऊन फळीवर ठेवलं. बेलीफ समन्स दाराला चिकटवून गेला तरी ते बजावलं असं धरलं जाऊ शकतं. आपली कैफियत साधारण 30 दिवसांत द्यायची असते, कोर्टाने वाढवून दिली तर 90 दिवसांपर्यंत. नाही गेलो तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायलाही 30 दिवस. समन्स खरोखरच मिळालं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवस.

तीस दिवस उलटून गेले असतील तर सगळं संपलं असं नाही. विलंब माफीचा अर्ज देता येतो. पण मग प्रत्येक दिवसाचं कारण सांगत बसावं लागतं आणि माफी द्यायची की नाही हे कोर्टाच्या हातात.

वकील आला नाही म्हणून गेलं, त्यात आमची काय चूक, असं बरेच जण विचारतात. 1981 साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वकील नेमून, त्याची फी देऊन विश्वासाने गावी बसलेल्या माणसाला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा होऊ नये. हा निकाल आपल्या कामाचा आहे. पण तो त्यालाच लागू पडेल ज्याने आपल्या बाजूने काही कसूर केलेली नाही. दोन-दोन वर्षं वकिलाचं तोंड न बघता हा निकाल पुढं केला तर कोर्ट विचारणारच, की तुम्ही इतके दिवस कुठं होता?

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही

हे दुखणं आजचं नाही. आपल्या अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांचं नाव आपण घेतो. सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध ते उठले, 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. आपण त्यांच्या जयंतीला हार घालतो. पण लोक सावकारावर एवढे का चिडले होते, याच्यात कोर्टाचाही भाग होता, हे फारसं सांगत नाहीत.

इंग्रजांची दिवाणी कोर्टं आली. सावकाराकडे लिहिलेला कागद असायचा, त्याच्यावर कुळाचा अंगठा. कुळाकडे काय होतं? पैसे फेडले ते तोंडी, धान्य घातलं ते तोंडी, पावती नाही. सावकार कोर्टात जायचा. समन्स कधी मिळायचं, कधी मिळायचं नाही. मिळालं तरी माणूस भीतीने जायचा नाही, गेला तर बोलायला तोंड नाही. मग एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, मग जमीन सावकाराच्या नावावर आणि मूळ मालक तिथंच राबणारा. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला आणि आपल्या नगर जिल्ह्यात पसरला. श्रीगोंदा, पारनेर या भागात शेतकरी सावकारांच्या दारात गेले. बहुतेक ठिकाणी त्यांनी काय मागितलं? कर्जरोखे, खतं. घेतली आणि जाळली. त्याआधीची दोनेक वर्षं डोंगरपट्ट्यात होन्या केंगले आणि त्याची माणसं सावकारांचा माग काढत होतीच. माणसांना कळलं होतं की आपली जमीन त्या कागदात अडकली आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टाला सांगितलं की नुसता कागद बघून हुकूम देऊ नका, व्यवहाराच्या मुळाशी जा, खरे पैसे किती दिले ते तपासा, शेतकऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐका. म्हणजे कागद नसलेल्या माणसाला कागदवाल्यासमोर एकटं सोडलं तर न्याय होत नाही, हे इंग्रज सरकारलासुद्धा मान्य करावं लागलं.

त्या लोकांनी कागद जाळला. आपल्याला तसं करून चालणार नाही, कारण आता कागद तलाठ्याकडेही आहे, भूमी अभिलेखातही आहे आणि कॉम्प्युटरमध्येही. आपल्याला आपला कागद तयार करावा लागेल.

कुठल्या दारात जायचं ते आधी ठरवा

प्रत्येक भांडण दिवाणी कोर्टात न्यायचं नसतं. काही दारं अशी आहेत जिथं ओझं थोडं हलकं होतं.

आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, आणि ती 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेली असेल, तर ती परत देण्याचा 1974 चा कायदा आहे. त्याची चौकशी महसूल खातं करतं, आणि ती अधिकाऱ्याला स्वतःहूनही सुरू करता येते. सुप्रीम कोर्टाने हा कायदा योग्य ठरवलेला आहे. 6 जुलै 1974 नंतर कलेक्टरच्या परवानगीशिवाय असा व्यवहार झाला असेल तर महसूल कायद्याचं 36 अ कलम आहे. अशा प्रकरणात दिवाणी दावा लावून दहा वर्षं घालवायची गरज नाही. आधी विचारा, मग दार ठोठवा.

वनजमिनीचं काल सांगितलंच. 2006 च्या वनहक्क कायद्यात दावा ग्रामसभेत सुरू होतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण जमीन कसत होतो हे दाखवायचं. त्याच्या नियमांत पुराव्याची यादी आहे आणि त्यात गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाबसुद्धा पुरावा धरला आहे. दावा करणाराचा स्वतःचा नाही, दुसऱ्या म्हाताऱ्याचा. ताली, बांध, सपाट केलेलं वावर, जुनं घर, विहीर, मसणवटा, देवाचं ठिकाण, वंशावळ हे सगळं पुरावा. एकाहून जास्त पुरावे बघायचे असतात, म्हणून निदान दोन तरी जोडा. आणि एक गंमत ऐका. वनखात्याने अतिक्रमण म्हणून आपल्या बापावर गुन्हा नोंदवला, दंड घेतला, त्याची पावती दिली. ती पावती आपण लाजेने फाडून टाकली. अहो, तोच तर सरकारच्या हातचा पुरावा, की त्या वर्षी तुमचा बाप त्या जागेवर कसत होता! तसंच जुन्या कोर्टाचे कागद. दावा हरलेला असला तरी समोरच्याने कैफियतीत ‘हे लोक वीस वर्षांपासून इथं घुसलेत’ असं लिहिलेलं असतं. ते कागद जपून ठेवा.

वनहक्काचा दावा ‘पुरावा नाही’ म्हणून फेटाळला तर 60 दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय आपल्या विरोधात निर्णय घेता येत नाही. आणि दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून उठवता येत नाही.

कोर्टातला पुरावा: एवढं पाठ करा

1. वकिलाकडून दाव्याचा नंबर, कोर्टाचं नाव आणि पुढची तारीख वहीत लिहून घ्या. दर तारखेला कोर्टाने काय लिहिलं ते रोजनाम्यात असतं. ‘पुराव्यासाठी’ असा शब्द आला की त्या दिवसापासून घाई सुरू.

2. झेरॉक्सवर दावा चालत नाही. तलाठी, तहसील, भूमी अभिलेख इथून शिक्का-सहीची नक्कल काढा. सात-बारा, आठ-अ, फेरफार, जुने पीक-पाण्याचे उतारे. बांधाचं भांडण असेल तर मोजणीचा अर्ज पुराव्याच्या तारखेच्या कितीतरी आधी द्या, नकाशा हातात यायला महिने जातात.

3. घरातला जुना कागद, खत, पावती, काहीही असो, फाडू नका, त्याच्यावर लिहू नका. तीस वर्षांपेक्षा जुना मूळ कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर कोर्ट त्यावरच्या सह्या खऱ्या धरू शकतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. आढ्याला खोचलेला कागद वाळवी खाते.

4. तोंडी साक्ष हाही पुरावाच आहे. साक्षीदाराचं म्हणणं आधी शपथपत्रावर देतात. पण शपथपत्र दिलं म्हणजे काम झालं असं नाही. समोरचा वकील उलटतपास घेणार, त्या दिवशी साक्षीदार आलाच पाहिजे. उलटतपासाला आला नाही तर ते शपथपत्र वाचलंच जात नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं तेवढंच सांगावं. ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नये.

5. येणं अशक्य झालं तर गप्प बसू नका. वकिलाला फोन करा, कोणाला तरी पाठवून मुदतीचा अर्ज द्या. कारणाचाही कागद घ्या. आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला, एसटी आली नाही तर डेपोचा दाखला, रस्ता बंद झाला तर ग्रामपंचायतीचा.

6. निकाल किंवा हुकूम झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. ‘गैरहजर’ म्हणून काढलं की ‘पुरावा नाही’ म्हणून निकाल दिला, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर संघटनेच्या पोरांना दाखवा. तीस दिवस बोटावर मोजा.

7. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला जोडा.

चूक कोणाची?

आता अवघड बोलायचं आहे. बाबांचा दावा कोर्टाने काढला. पण त्या बांधावर लहानपणापासून गुरं चारलेली निदान पाच माणसं आमच्या वाडीत आहेत. बांध कुठं होता, कुठल्या सादड्याच्या झाडाला टेकला होता, हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. त्यातलं एकही माणूस कोर्टात गेलं नाही. कोणाला रोज बुडण्याची भीती, कोणाला त्या माणसाशी वैर नको, कोणी म्हणालं कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये. बाबा एकटे जायचे, एकटे यायचे.

आणि आम्ही? त्याच आठवड्यात आम्ही मोर्च्याची पत्रकं वाटत वाड्यावाड्यांनी फिरत होतो. बाबांनी मोर्च्याला यावं म्हणून त्यांच्या घरीही गेलो. त्यांची शेवटची तारीख परवा आहे हे आम्ही विचारलंही नाही. मोर्च्याला दोनशे माणसं नेणाऱ्या संघटनेला एका म्हाताऱ्याबरोबर कोर्टात दोन साक्षीदार नेता आले नाहीत. ही आमची चूक आहे, ती इथं सगळ्यांसमोर कबूल करतो.

मोर्चा सोडा असं आम्ही म्हणत नाही. मोर्च्याशिवाय वनहक्काचा कायदा झाला नसता. पण ज्याचा दावा त्याचं डोकेदुखं, ही रीत सोडली पाहिजे. लग्नाला, दहाव्याला आपण सगळे जातो, कोणी रोज धरत नाही. आवणीला एकमेकांच्या वावरात सावड करतो. तशी कोर्टाच्या तारखेचीही सावड करायची. आज माझी साक्ष तुझ्यासाठी, उद्या तुझी माझ्यासाठी. साक्षीदाराचं भाडं आणि त्या दिवसाचं जेवण वाडीने वर्गणीतून द्यायचं. त्याच्या घरची गुरं शेजाऱ्याने बघायची. प्रत्येक वाडीने एक तारखेची वही ठेवायची. कोणाचा दावा, कधीची तारीख, कशासाठी, कोण बरोबर जाणार. महिन्याच्या बैठकीत ती वही आधी वाचायची, मग बाकीचं बोलणं. शिकलेल्या पोरींनी ही वही घ्यावी असं आम्हाला वाटतं, त्या विसरत नाहीत.

बाबांचं काय करायचं?

हुकूम होऊन आज एकोणीस दिवस झाले. अकरा दिवस हातात आहेत. फेरदाखलीचा अर्ज द्यायचा आहे. त्याला बाबांचं शपथपत्र लागेल. एसटी आली नाही याचा डेपोचा दाखला आणि रस्त्याचा ग्रामपंचायतीचा दाखला लागेल. बघा, गैरहजर का राहिलो याचासुद्धा पुरावाच द्यावा लागतो. समोरच्याला नोटीस निघेल, तो विरोध करेल. कोर्ट समोरच्याचा खर्च भरायला सांगू शकतं, त्याची वर्गणी काढू. दावा परत चालू झाला की मनाई हुकूम परत मागायचा. तोपर्यंत कोणी जेसीबीसमोर जाऊन दगड उचलू नये. एक फौजदारी केस झाली की त्याच्याही तारखा सुरू होतील, आणि बाबांच्या तारखेला जायला माणूस उरणार नाही.

अर्ज मंजूर होईल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण एक सांगतो. मंजूर झाला आणि पुराव्याची तारीख लागली, आणि तेव्हाही बाबा एकटेच गेले, तर या वेळी दावा कोर्टाने नाही, आपण घालवला असं होईल.

म्हणून इथंच विचारतो. तो बांध कोणी पाहिलाय? कोर्टात येऊन कोण सांगेल? हात वर करू नका, उठून उभे राहा आणि नाव लिहून द्या.

जिंदाबाद!

(ता. क. — शिबिरात चौघं उभे राहिले, त्यात दोन आया. बाबांचा अर्ज सव्विसाव्या दिवशी दाखल झाला, समोरच्याला नोटीस निघाली आहे. मोजणीची फी भरली. आतापर्यंत सात वाड्यांनी तारखेची वही सुरू केल्याचं कळवलं आहे. बाकीच्यांनी पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन यावी.)